टमरेल ते तट्टू

इतिहासाच्या पुस्तकात चाकाला जागा मिळाली, नांगराला मिळाली, टमरेलाला मात्र मिळाली नाही. शाळेत आमच्याकडून निजामशाहीतले सुलतान ओळीने पाठ करून घेतले. पण ही मंडळी सकाळी उठून पहिल्यांदा काय करीत, हा प्रश्न एकाही परीक्षेत आला नाही. वास्तविक लढाया काही रोज होत नाहीत. हा विधी रोजचा, आणि त्यात वजिरापासून मोतद्दारापर्यंत कोणालाही रजा नाही.

पुराणवस्तूंचंही तेच. आपल्या जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली काशाचा एक रथ, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा सापडला. जवळपास चार हजार वर्षांपूर्वीची वस्ती, उत्खननवाल्यांनी पुढे काही वर्षं तिथे कसून खणलं. एवढं झालं पण टमरेल म्हणून काही कोणी संग्रहालयात मांडलेलं नाही. किंवा सापडलंही असेल आणि 'मृत्पात्र, लहान' अशी चिठ्ठी लावून कपाटात गेलं असेल. आमच्या शाखेत नको असलेल्या रकमा अशाच 'किरकोळ' खात्यात जातात.

मराठी भाषेचा ह्या बाबतीतला संकोच तर बघण्यासारखा. आपल्याकडे या जागेला नाव नव्हतं, नुसती दिशा होती. परसाकडे. बहिर्दिशेला. शेताकडे. 'कुठे गेलेत?' म्हटलं की 'बाहेर गेलेत' असं उत्तर यायचं आणि विचारणारा समजून उमजून ओसरीवर बसायचा. कारण उघड आहे, जागा नव्हतीच, ओढा होता नि बाभळी होत्या. खुद्द टमरेल हा शब्दसुद्धा साहेबाच्या टंबलरवरून आला म्हणतात. साहेब त्यातून काय प्यायचा आणि आपण त्याचं काय केलं, हा एका संस्कृतीने दुसऱ्या संस्कृतीवर घेतलेला सूड मानायला हरकत नाही.

पण पाणी हवं, ही अट आपण कधी सोडली नाही. आणि पाण्याच्या बाबतीत नगरकराने मान खाली घालायचं कारण नाही. (२०२४ पासून सरकारदप्तरी अहिल्यानगर, पण एसटीच्या रांगेत अजून 'नगर, नगर' हीच हाक ऐकू येते.) मलिक अहमदने १४९० साली इथे बस्तान बसवलं तेव्हा हा मुलूख आजच्याइतकाच कोरडा होता. निजामशहांनी मग कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखालून शहरात आणले. खापरी नळ म्हणतात त्यांना. एका नळाचं तोंड दुसऱ्याच्या गळ्यात, सांधा चुन्याने बंद, आणि उतार असा साधलेला की पाणी आपल्या पायांनी चालत महालात, हमामात, कारंज्यात यायचं. फराहबक्ष महाल तर तळ्याच्या मधोमध उभा केला. पंप नाही, मोटर नाही, विजेचं बिल नाही. याच दरबारच्या मलिक अंबरने पुढे खडकीला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर नेली ती याच तत्त्वावर. पाणी वर असेल तर ते खाली येतं, एवढंच ते तत्त्व. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे प्लंबर येणार आहे तेव्हा लागेल.

महालांचं असं झकास चाललेलं असताना वाड्यांचं काय होतं, हे सांगताना मात्र विनोद जरा बाजूला ठेवतो. वाड्याच्या मागच्या अंगाला एक अरुंद बोळ असे. वर बसायला दोन फरश्या, खाली टोपली, आणि ती टोपली न्यायला बोळातून येणारी बाई. ठरावीक जातीचीच बाई. तिचं तोंड वाड्यातल्या निम्म्या माणसांनी जन्मात पाहिलेलं नसायचं. आप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात हे सफाईचं काम मला द्या म्हणून अर्ज केला, तर सरकारने ब्राह्मणाला ते काम द्यायला नकार दिला. आप्पासाहेबांनी अन्न सोडायला घेतलं, आणि डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजीही त्यांच्यासाठी उपोषणाला बसले, तेव्हा कुठे सरकार हललं. जगाच्या पाठीवर चांगलं काम मिळावं म्हणून पुष्कळांनी उपोषणं केली असतील. हे मिळावं म्हणून करणारा हा एकच. पुढे १९४९ साली मुंबई सरकारने बर्वे समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहायला बंदी करणारा देशाचा कायदा यायला १९९३ उजाडलं, आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. 'पूर्वी वाड्यात काय मजा होती' असं कोणी गहिवरून सांगू लागलं, की मी त्या बोळाची चौकशी करतो. गहिवर थांबतो.

आता जरा परदेशात जाऊन येऊ. १७७५ साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने संडासाच्या नळीला एक वळण दिलं. त्या वळणात पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास गटारातच राहतो. आजच्या प्रत्येक कमोडखाली तेच वळण आहे. एवढं सुचलेल्या लोकांना पुढची पायरी मात्र सुचली नाही, ते कागदावर अडकले. १८५७ साली न्यूयॉर्कच्या जोसेफ गेटी यांनी खास त्या कामाचा कागद बाजारात आणला आणि त्यावर स्वतःच्या नावाचा वॉटरमार्क घातला. गेली वीस वर्षं मी चेक उजेडासमोर धरून वॉटरमार्क तपासतो आहे. गेटीसाहेबांचं गिऱ्हाईक तो कुठे धरून तपासत असेल, या विचाराने मला एकदा भर काउंटरवर हसू फुटलं आणि समोरचे पेन्शनर दुखावले.

पाण्याची आठवण युरोपात फ्रेंचांना झाली. अठराव्या शतकाच्या सुरवातीला तिथल्या श्रीमंत घरांत एक बुटकं चिनीमातीचं भांडं आलं. त्यावर घोड्यावर बसल्यासारखं बसायचं, म्हणून त्याचं नाव बिडे. बिडे म्हणजे फ्रेंच भाषेत तट्टू. इटलीने तर १९७५ साली प्रत्येक घरात हे तट्टू असलंच पाहिजे असा सरकारी हुकूम काढला. अमेरिकेत १९६४ च्या सुमारास आर्नोल्ड कोहेन नावाच्या गृहस्थाने आजारी वडिलांसाठी कमोडच्या बैठकीतच धुण्याची सोय केली. ती कल्पना जपानला पोचली, आणि १९८० साली तिथल्या टोटो कंपनीने विजेवर चालणारी, गरम पाण्याची, ऊबदार बैठक काढली.

आपण यातलं काही न करता तांब्यावरून टमरेलावर, टमरेलावरून प्लॅस्टिकच्या मगावर आलो. रेल्वेने तो मग साखळीने बांधला. बँकेतलं पेन दोरीने बांधलेलं असतं म्हणून हसणाऱ्यांना मी नेहमी हे सांगतो. भारतीय जनतेला ज्या दोन वस्तू सुट्या देता येत नाहीत, त्यांतली एक आमच्याकडे आहे आणि दुसरी रेल्वेकडे. दोन्ही सरकारमान्य आहेत.

एवढा इतिहास मी हौसेने वाचला असं कोणी समजू नये. माझं शिक्षण बी.कॉम. आमच्या घरात हा विषय निघाला तो आईच्या मनगटामुळे. वय एक्याऐंशी, ओट्याजवळ पाय घसरला, डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. ते निघालं, पण मनगट काही वळेना. उजवा हात ठणठणीत.

कॉमर्सवाल्याला हे चटकन कळतं. खातेवहीची डेबिट बाजू डावी, क्रेडिट उजवी. आपल्या लोकांनी शरीराचं लेजरही तसंच ठेवलंय, आत येणारं उजव्या हाताने, बाहेर जाणारं डाव्या. डॉक्टर म्हणाले, "आजी, थोडे दिवस उजवा हात वापरा." आई त्यांच्यासमोर काही बोलली नाही. रिक्षात म्हणाली, "ज्या हाताने देवाला फूल वाहते, नातवाला घास देते, त्या हाताने? त्यांना काय जातंय सांगायला!" सुनेची मदत घ्यायला तयार नाही. सौ.ने दोनदा विचारलं तर दोन्ही वेळा "मला काय झालंय?" हे उत्तर. आणि मग रात्रीची भाकरी दीडाची एक झाली, एकाची अर्धी झाली. "भूक नाही रे." भूक होती. जायला लागू नये म्हणून खाणं कमी चाललं होतं. हे आमच्या हिच्या लक्षात आलं, तिने मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गंजबाजाराच्या बाजूच्या एका नळसामानाच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने आधी हँडशॉवर काढला, त्याच्या भाषेत हेल्थ फॉसेट. पिचकारीसारखी दांडी, तिला मीटरभर नळी.

"घ्या साहेब. फुल प्रेशर. फरशीचं सिमेंट निघतं."

"मला फरशी नाही धुवायची."

शिवाय दांडी धरायला एक हात लागतो, तो मागे न्यावा लागतो आणि दाबावाही लागतो. म्हणजे प्रश्न पुन्हा मनगटाशी. दुसरा प्रकार भिंतीवरच्या कॉकने चालणाऱ्या जेटचा. तोंड कमोडला पक्कं बसवलेलं, पण आमच्याकडे कॉक बसवायला मोकळी भिंत होती ती डाव्या बाजूला. विजेची बैठक मी किंमत बघूनच खाली ठेवली. आणि पहाटे पाचला वीज गेली तर त्या जपानी यंत्राने काय करायचं, ते त्या पुस्तिकेत लिहिलेलं नव्हतं.

मग निघाला तिसरा प्रकार. एक पातळ पट्टी, कमोड आणि बैठक यांच्यामध्ये बसणारी. मागे दोन तोट्या, आणि बाजूला एक गोल बटण. बटण उजवीकडे! ते फिरवलं की पाण्याच्याच जोराने तोटी पुढे सरकते, बंद केलं की स्प्रिंगने मागे जाते. उजव्या हाताने नुसता रेडिओचा आवाज वाढवल्यासारखा कान पिळायचा. देवाचं फूल सुरक्षित. मी किंमतही न घासता पैसे दिले, याचं दुकानदाराला इतकं आश्चर्य वाटलं की त्याने टेफ्लॉन टेपचं एक रीळ फुकट दिलं.

घरी मिस्त्री आला. त्याने छताकडे बघून मान हलवली. "साहेब, प्रेशर येणार नाही. याला प्रेशर पंप लावा."

इथे निजामशाही कामाला आली. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक बार दाब. आमचं सावेडीचं घर बैठं, टाकीचा तळ जमिनीपासून चार मीटरवर, कमोडची बैठक चाळीस सेंटिमीटरवर. उरले तीन मीटर साठ, म्हणजे एक तृतीयांश बारच्या थोडं वर. सिमेंट निघणार नाही, हे खरं. पण एक्याऐंशीच्या बाईला सिमेंट काढायचं नसतं. खापरी नळाला कोणता पंप होता, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "ते मला माहीत नाही, पण नळ खापरी असेल तर बदलून घ्या, पीव्हीसी टाका."

काम अर्ध्या तासाचं. फ्लशच्या टाकीकडे जाणारा अँगल कॉक बंद करायचा, नळी सोडायची, तिथे पितळी टी बसवायची. टीच्या एका तोंडाला फ्लशची नळी, दुसऱ्याला या पट्टीची. आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची, उलटी गुंडाळली तर आवळताना सुटते. बैठकीचे दोन बोल्ट काढून खाली पट्टी सरकवायची नि बोल्ट पुन्हा आवळायचे. प्लॅस्टिकच्या टीची थोडी बचत होते, पण ती चिरली की रात्रभरात टाकी रिकामी. आमच्याकडे पाणी मुळा धरणातून विळदमार्गे चढत चढत येतं. असं लांबचं पाहुणं फरशीवर सांडून चालत नाही. बोअरचं पाणी टाकीत घेणाऱ्यांनी आणखी एक करावं. आपल्याकडे त्या पाण्यात क्षार फार, तोटीची भोकं बुजतात. महिन्यातून एकदा तोटी लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून ठेवावी. आणि बाहेरगावी जाताना अँगल कॉक बंद.

पहिल्या दिवशी आई आत गेली आणि आम्ही तिघं दिवाणखान्यात पेपर वाचत बसलो. माझा पेपर उलटा होता असं चिरंजीव नंतर सांगत होते. दहा मिनिटांनी ती बाहेर आली, कोणाकडे न बघता देवघरात गेली. उदबत्तीचा वास आला. मग तिथूनच आवाज आला, "याला म्हणतात तरी काय?"

"बिडे," मी म्हणालो.

"विडे?"

"बिडे. फ्रेंच आहे. म्हणजे तट्टू."

त्या दिवसापासून आमच्या घरात परसाकडे कोणी जात नाही. आई 'तट्टावर जाऊन येते' म्हणते आणि सौ.सुद्धा आता तसंच म्हणते. रात्रीची भाकरी आठवड्याभरात एकवर आली नि पंधरवड्याने दीडवर. सासूबाईंनी मेथीच्या भाजीला मीठ कमी असल्याची तक्रार केली, त्या दिवशी आमच्या हिने मला फोन करून बँकेत ती बातमी कळवली.

जपान्यांना बैठकीत पाणी गरम करायला वीज लागते. नगरला एप्रिलमध्ये ते काम गच्चीवरची काळी टाकी फुकट करते, जरा जास्तच करते. म्हणून दुपारी एक ते चार आमच्याकडे चिरंजीवांची ड्यूटी असते. आजी कॉटवरून उठलेली दिसली की ते आत पळत जाऊन एक बादली सोडून येतात आणि ओरडतात, "आजी, दोन मिनिटं थांब! तट्टू तापलंय!"