कंपनीची बस कुणासाठी होती?

हिंजवडीच्या ट्रॅफिकवर दर पावसाळ्यात तीच चर्चा होते. रस्ता रुंद करा, उड्डाणपूल बांधा, मेट्रो आणा, खड्डे बुजवा. मागण्या योग्यच आहेत. पण या सगळ्यात एक पक्ष कायम सुटतो. हजारो माणसांना एकाच वेळी एकाच ठिकाणी ज्यानं बोलावलंय, तो. म्हणजे कंपनी. माणूस घरून कामावर कसा येतो, हा कंपनीचा प्रश्न आहे की ज्याचा त्याचा? आज आपण गृहीत धरलंय की ज्याचा त्याचा. पूर्वी असं नव्हतं, आणि हा इतिहास बराचसा आपल्याच भागात घडलाय.

सुरुवातीचं उत्तर सोपं होतं: माणूसच कारखान्याजवळ असला पाहिजे. मुंबईत गिरण्यांच्या भोवती चाळी उभ्या राहिल्या. लालबाग-परळचा कामगार भोंगा ऐकून चालत गिरणीत जायचा. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ती कारखाना आणि वस्ती एकत्र धरूनच. आपल्याकडे पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली आणि तिच्याबरोबर एचए कॉलनी. घर कंपनीचं, फाटक जवळ. कामावर जाण्याचा प्रश्न तिथंच मिटला.

साठच्या दशकात हे गणित बदललं. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळावर कारखाने आले. टेल्को आली, बजाज आली, त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो छोटे कारखाने आले. एवढ्या माणसांना घरं बांधून देणं कुणालाच शक्य नव्हतं. कामगार राहायचा पुण्याच्या पेठांत, खडकीत, देहूरोडला, तळेगावला. काही सायकलवर यायचे, काही लोकलनं. पण पहिल्या पाळीला पहाटे निघणाऱ्या माणसानं पीएमटीच्या भरवशावर राहायचं कसं? तेव्हा मोठ्या कारखान्यांनी स्वतःच्या बस सुरू केल्या.

सत्तर-ऐंशीच्या दशकात पुण्यात वाढलेल्यांना ती बस आठवत असेल. चौकात ठरलेली जागा, हातात डबा घेतलेली पाच-दहा माणसं, आणि घड्याळ लावावं अशी येणारी बस. बसमध्ये भिशी चालायची, पत्ते चालायचे, युनियनच्या निवडणुकाही निम्म्या तिथंच व्हायच्या. ‘मुलगा टेल्कोत आहे’ म्हटल्यावर मुलीकडचे खूश व्हायचे, त्यात पगाराइतकाच कॅन्टीन आणि बसचाही वाटा होता. आणि गंमत बघा, जिथं ट्रक आणि स्कूटर बनत होत्या त्याच पट्ट्यातला कामगार कामावर एकटा गाडी घेऊन नाही, तर चाळीस-पन्नास जणांबरोबर यायचा.

आता प्रश्न असा, की कंपन्या हे का करत होत्या? कामगारांवरच्या प्रेमानं? थोडंफार असेलही. युनियनच्या करारांचा जोर होता, तोही खरा. पण मूळ कारण वेगळं होतं. असेंब्ली लाइनला पाळी सुरू होताना सगळी माणसं आपापल्या जागी लागतात. दहा जण ट्रॅफिकमध्ये अडकले तर लाइन थांबते किंवा रखडते, आणि ते नुकसान थेट मालकाचं असतं. कामगार वेळेवर पोचणं ही मालकाची गरज होती, म्हणून बस मालकाची होती.

हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं उलगडतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी हिंजवडीत आयटी पार्क आलं. इथं लाइन नव्हती. उशीर झाला तर संगणक थांबत नाही, माणूस रात्री उशिरापर्यंत बसून काम भरून काढतो. म्हणजे ट्रॅफिकमध्ये गेलेल्या तासाची किंमत कंपनीच्या खात्यातून निघाली आणि कर्मचाऱ्याच्या घरच्या वेळात जाऊन पडली. बस काही कंपन्यांनी ठेवल्या. मी जिथं नोकरी करत होतो तिथं बसचे पैसे दरमहा पगारातून कापले जायचे. कार आणणाऱ्याला मात्र पार्किंग फुकट. कुणी दुष्टपणानं ठरवलं होतं असं नाही, पण निरोप स्पष्ट होता: बसनं आलास तर पैसे भर, एकटा कारनं आलास तर ये, जागा आमच्याकडून.

जिथं कायद्यानं सांगितलं तिथं मात्र कंपन्यांना व्यवस्था करावीच लागते. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती हवी आणि त्यांच्या सुरक्षिततेची, ने-आण करण्याची सोय मालकानं करायची. म्हणजे ‘माणूस कसा येतो-जातो हा आमचा विषय नाही’ हे उत्तर रात्री चालत नाही. दिवसा चालतं.

आता जरा अमेरिकेकडे बघू, कारण ‘एकट्यानं गाडी चालवत येऊ नका’ हे मालकांनी कर्मचाऱ्यांना सांगायची पद्धत मोठ्या प्रमाणावर तिथं रुजली. दुसऱ्या महायुद्धात जपाननं मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर अमेरिकेचा रबराचा पुरवठा तुटला. टायर वाचवायचे म्हणून पेट्रोलचं रेशनिंग झालं. कारखान्यांमध्ये वाहतूक समित्या नेमून शेजाऱ्या-शेजाऱ्यांची एका गाडीत सोय लावली जाऊ लागली. १९४३ च्या एका सरकारी पोस्टरवर तर एकट्या ड्रायव्हरच्या शेजारी हिटलरची आकृती बसलेली दाखवली होती! युद्ध संपलं आणि सगळे परत आपापल्या गाडीत.

मग १९७३. मिनेसोटात सेंट पॉल इथं थ्रीएम कंपनीच्या मुख्यालयात गाड्या मावेनात. नवं पार्किंग बांधायचं तर मोठा खर्च. कंपनीनं त्याऐवजी वसंतात सहा व्हॅन घेतल्या. ड्रायव्हर कर्मचाऱ्यांपैकीच एक. त्याला प्रवास फुकट, बाकीच्यांनी दरमहा भाडं द्यायचं आणि त्यातून व्हॅनचा खर्च निघायचा. त्याच ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि ही योजना देशभर गाजली. पण सुरुवात तेलटंचाईच्या आधीची आहे, हे विसरू नका. पार्किंगचा खर्च कंपनीच्या डोळ्यांसमोर आला, म्हणून व्हॅन आली. टेल्कोच्या बसमागे जो हिशेब होता, तोच इथंही.

पुढे सक्तीही करून पाहिली. १९८७ साली लॉस एंजेलिस भागाच्या हवा नियंत्रण मंडळानं नियम काढला: शंभर किंवा जास्त माणसं एका जागी कामाला असतील तर मालकानं योजना द्यायची, आणि बहुतेक भागांत दर गाडीमागे सरासरी दीड माणूस हे लक्ष्य ठेवायचं. म्हणजे शंभर माणसं सुमारे ६७ गाड्यांत. मालकांना ते कागदी ओझं वाटलं, ओरड झाली, आणि १९९५ साली राज्यानं कायदा करून ही सक्ती काढून टाकली.

याउलट कॅलिफोर्नियाचाच १९९२ चा एक छोटा कायदा बघा. मालक जागा भाड्यानं घेऊन कर्मचाऱ्याला फुकट पार्किंग देत असेल, तर जो गाडी आणत नाही त्याला तेवढी रक्कम रोख द्यायची. बस, सायकल, पायी, काहीही चालेल. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी आठ कंपन्यांचा अभ्यास केला. एकट्यानं गाडी चालवत येणाऱ्यांचं प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आलं. उपदेश नाही, पोस्टर नाही. फुकट पार्किंग हा पगाराचाच भाग आहे आणि तो फक्त गाडीवाल्याला मिळतो, एवढं मान्य केलं.

फ्रान्सनं तिसरा रस्ता धरला. पॅरिस भागात १९७१ पासून मालकांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर घेतला जातो. शिवाय कर्मचाऱ्याच्या पासाचा निम्मा खर्च मालक देतो, पॅरिसमध्ये १९८२ पासून आणि देशभर २००९ पासून. माणसं कामावर पोचतात म्हणून धंदा चालतो, तर पोचवण्याचा खर्च धंद्यानंही उचलावा, हा साधा हिशेब.

आपल्याकडे काय झालं? आयकरात प्रवास भत्त्याची सूट होती, महिन्याला आठशे, २०१५ पासून सोळाशे. ती बसवाल्याला आणि कारवाल्याला सारखीच होती. २०१८ साली तीही प्रमाणित वजावटीत विरघळली. इमारत बांधताना पार्किंग किती ठेवायचं याचे नियम आहेत, माणसं कशी आणणार याचा नियम नाही. १ नोव्हेंबर २०१२ ला पुण्यात ‘बस डे’ झाला, लोकवर्गणी जमली, जादा बस धावल्या. दुसऱ्या दिवशी आपण परत आपापल्या गाडीवर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. ‘गाडी शेअर करा, पर्यावरण वाचवा’ असा मेल एचआरनं पाठवून काही होत नाही. इतिहास सांगतो की खर्च स्वतःच्या खिशाला लागला तेव्हाच मालक हलला. तो खर्च आज कोण भरतंय? रोज दोन-तीन तास क्लच दाबणारा माणूस, त्याच्या घरचे, आणि तो धूर खाणारं माण-मारुंजीचं गाव.

मागण्या अवघड नाहीत. कंपनीची बस फुकट करा, किंवा निदान पार्किंगला बसच्या पासाइतके पैसे लावा. पीएमपी किंवा मेट्रोनं येणाऱ्याचा निम्मा पास कंपनीनं भरावा. पाच कंपन्यांच्या पाच अर्ध्या रिकाम्या बसऐवजी एकत्र बस चालवाव्यात. आणि मोठ्या कंपन्यांनी आपली किती माणसं कशानं येतात, हे वर्षातून एकदा जाहीर करावं. रस्ता रुंदीकरणाला जमीन लागते, निधी लागतो, वर्षं लागतात. यातलं बरंचसं पुढच्या महिन्यात सुरू करता येईल.

तुमच्या कंपनीत बसचे पैसे कापतात का? आणि पार्किंगचे? दोन्ही आकडे खाली लिहा. कंपनीचं नाव नको, आकडे पुरेत.