फितूर कोण? १८५८ च्या चांद्याचा निकाल आज लावताना

दरवर्षी २१ ऑक्टोबर आला की आपल्या कुरखेडा-कोरचीपासून थेट सिरोंच्यापर्यंत बाबुराव शेडमाके यांच्या फोटोला हार चढतात. चढायलाच पाहिजेत. १८५८ साली याच दिवशी चांद्याच्या तुरुंगात इंग्रजांनी त्यांना फाशी दिली. पण त्याच दिवशी मोबाईलवर दुसरंही एक काम सुरू होतं. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांना शिव्या घालायचं. "काऊन बाप्पा, फितूर ते फितूर! त्यात विचार काय करायचा?"

विचार करायचा आहे म्हणूनच हे लिहितो आहे.

आधी घडलं काय ते बघू. बाबुराव हे मोलमपल्लीचे गोंड जमीनदार. मार्च १८५८ मध्ये त्यांनी राजगड परगण्यात उठाव केला. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिलला प्राणहिता काठच्या चिंचगुंडी इथे तारखात्याच्या तळावर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. मग कॅप्टन क्रिक्टनने लक्ष्मीबाईंवर दबाव आणला, आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्या माणसांनी बाबुरावांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं. महिन्याभरात फाशी. बक्षीस म्हणून जप्त केलेल्या जमीनदारीतली ६७ गावं लक्ष्मीबाईंना मिळाली.

आता निकाल लावा. "देशद्रोह" म्हणायचं का? जरा थांबा. १७५१ पर्यंत चांद्यावर गोंड राजे होते. नंतर नागपूरचे भोसले आले. १८५४ मध्ये इंग्रज आले. म्हणजे शंभरेक वर्षांत तीन मालक! १८५८ मध्ये इंग्रजी अंमल अवघा चार वर्षांचा होता. आज शाळेत शिकवतो तो "देश" त्यावेळी अहेरीच्या जंगलात कोणाच्या डोक्यात होता? जमीनदाराला आपला इलाखा माहीत होता आणि वर बसलेला मालक माहीत होता. आजचा देशद्रोहाचा कायदा त्या बाईला लावणं म्हणजे नंतर आखलेल्या रेषेवरून आधीच्या माणसाला बाद ठरवणं.

मग सोडून द्यायचं का, "त्या काळी असंच चालायचं" म्हणून? तेही नाही. हे वाक्य फार सोयीचं आहे. याच वाक्याने अस्पृश्यता झाकली जाते, वेठबिगारी झाकली जाते. पण १८५८ च्या दहा वर्षं आधी, १८४८ मध्ये, पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली होती. तेही त्याच काळातले ना? काळ सगळ्यांचा एकच असतो, वागणं एकसारखं नसतं. म्हणून प्रश्न असा विचारावा: त्या माणसापुढे दुसरी वाट होती का, आणि त्या वाटेने त्याच्याच काळात कोणी गेलं होतं का?

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत उत्तर अवघड आहे, पण आहे. दुसरी वाट होती. बाबुराव आणि व्यंकटराव त्याच वाटेने गेले. त्या वाटेची किंमत फाशी आणि जप्ती होती हेही खरं. भीतीपोटी केलं असं एकवेळ समजून घेता येतं. पण ६७ गावं पदरात घेतली, ते भीतीच्या खात्यात टाकता येत नाही. आपल्या माणसाला धरून देऊन त्याची कमाई खाणं वाईट, हे समजायला आजचं संविधान लागत नव्हतं.

पण मग हाच तराजू सगळ्यांना लावा. व्यंकटराव बस्तरला पळून गेले. १८६० मध्ये बस्तरच्या राजाने त्यांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केलं आणि त्यांना जन्मठेप झाली. काम तेच! त्या राजाला कोणी शिव्या घालताना ऐकलंय? मी तर नाही ऐकलं. बाई असली की "फितूर", राजा असला की "राजकारण"?

आणि बाबुराव? तेही जमीनदारच होते. चिंचगुंडीत मेलेले दोघे तारखात्यातली माणसं होती, फौज नव्हती. हे सांगितल्याने बाबुराव लहान होत नाहीत. पंचविशीतला हा माणूस एका साम्राज्याविरुद्ध उभा राहिला आणि त्याने जीव दिला, हे त्यांच्याकडून कोणी हिरावू शकत नाही. पण देव केलेल्या माणसाकडून शिकता येत नाही, फक्त हार घालता येतो.

काही लोक म्हणतील, मेलेल्यांचा न्याय करून मिळतं काय? मिळतं, आणि ते कुरखेड्याच्या माणसाला तरी सांगायला नको. इंग्रजांनी १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी जंगल सरकारचं केलं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारा गुन्हेगार ठरला. "त्या काळचा कायदा होता" एवढं म्हणून विषय मिटला असता. पण २००६ च्या वनहक्क कायद्याने स्वतःच्या प्रस्तावनेत लिहिलं की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. म्हणजे संसदेनेच आजच्या मापाने जुन्या काळाला मोजलं. त्यातूनच आपल्या गावांच्या सामूहिक वनहक्काची वाट निघाली.

भूतकाळाचा न्याय असा करावा. कोणाला शिवी द्यायला नाही, तर कोणाचं काय परत करायचं राहिलं ते बघायला. येत्या २१ ऑक्टोबरला हार जरूर घाला, मीही घालीन. आणि आपल्या ग्रामसभेचा दावा कुठे अडला आहे, तेही त्याच दिवशी विचारा.