बरनच्या खडकावरील हिवाळी चराई

सतराव्या शतकाच्या मध्यास, क्रॉमवेलच्या आयर्लंडवरील मोहिमेत, क्लेअर परगण्यातील बरन या खडकाळ मुलखात शिरलेल्या एडमंड लडलो या सेनापतीने आपल्या आठवणींत या प्रदेशाविषयी जी नोंद करून ठेवली, तिचा पूर्वार्ध, म्हणजे येथे माणसाला बुडवावयास पाणी नाही, टांगावयास झाड नाही आणि पुरावयास माती नाही हा, आजतागायत लोकांच्या तोंडी राहिला. परंतु त्यालाच लागून येथील गुरे चांगली पुष्ट असल्याचे आणि खडकांमधल्या चिंचोळ्या पट्ट्यांतील गवत गोड व कसदार असल्याचे त्याने लिहिले आहे, तिकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ओसाडपणा मोजताना त्याला फाशी आणि दफन हीच मापे सुचावीत, हे त्याच्या पेशाला साजेसेच होते.

सुमारे तेहतीस कोटी वर्षांपूर्वी विषुववृत्तानजीकच्या उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी प्रवाळांचे व शंखशिंपल्यांचे अवशेष साचून बरनचा हा चुनखडक घडला, आणि पुढे हिमयुगातील बर्फाच्या प्रचंड थरांनी त्याचा पृष्ठभाग खरवडून सपाट केला. हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल झालेले पावसाचे पाणी खडकाच्या मूळच्या उभ्या सांध्यांत उतरून त्याला कणाकणाने विरघळवीत राहिल्यामुळे त्या सांध्यांच्या खोल भेगा झाल्या, व त्यांच्या दरम्यान उरलेले पाषाण एखाद्या जुन्या वाड्याच्या फरसबंद चौकासारखे दिसू लागले. गुडघे टेकून अशा भेगेत डोकावले, तर आतल्या दमट सावलीत हंसराजाची नाजूक पाने डोलताना दिसतात. पाणी वर न ठरता भूमिगत विवरांतून वाहत असल्याने पावसाळी दिवसांत खोलगट कुरणांत तळे भरावे आणि उन्हाळ्यात ते जमिनीतच जिरून जावे, असा प्रकार येथे नित्याचा आहे. हे उघडेपण सर्वस्वी निसर्गाचे मात्र नव्हे. नवाश्मयुगापासून शेतकऱ्यांनी जंगल तोडले आणि उघडी पडलेली पातळ माती पावसाने भेगांत वाहून नेली, हाही त्याचा एक भाग आहे.

अन्यत्र डोंगरी मुलखात गुरे उन्हाळ्यात वर चढवून हिवाळ्यात खाली आणण्याचा रिवाज असता बरनचा शेतकरी नेमका उलट वागतो. उन्हाळ्याची ऊब खडक साठवून ठेवतो, पाणी खाली झिरपत असल्याने गुरांना बसावयास कोरडी जागा मिळते, आणि चुनखडीतून आलेल्या झऱ्यांत व गवतात चुन्याचा अंश भरपूर असतो. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस वर नेलेली जनावरे वसंतापर्यंत गोठ्यावाचून तेथेच राहतात. त्यांनी जून गवत खाऊन मोकळ्या केलेल्या जागी मे महिन्यात गडद निळी जेन्शियन फुले उमलतात, व ती खाणारे कोणी वर नसते. बाराव्या-तेराव्या शतकांच्या संधिकाळी येथे कॉर्कमरोचा मठ बांधणाऱ्या सिस्टर्शियन साधूंनी तो 'सुपीक खडकाच्या मेरी'ला अर्पण केला, यावरून त्यांची पारख लडलोच्या नोंदीचा पूर्वार्धच तोंडी ठेवणाऱ्यांहून सरस होती असे मला वाटते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुरघास आणि बंदिस्त गोठे आले, वरची चराई घटली, आणि हेझलच्या झुडपांनी कुरणे गिळावयास आरंभ केला. २००५ ते २०१० या काळात बरन-लाइफ प्रकल्पाने शेतकऱ्यांनाच हाताशी धरून जुन्या चराईची घडी पुन्हा बसविली. त्यानंतरच्या योजनेत प्रत्येक कुरणाची तपासणी करून त्याला दहापैकी गुण दिले जाऊ लागले व अनुदानाची रक्कम त्या गुणांवर ठरू लागली.