विंचुर्णीचे दर्यावर्दी

आपल्या कोल्हापूर भागाला फौज नवी नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं नाव तर पोराटोरांनाही ठाऊक. पण नौदलाचा विषय निघाला की आपण गप्प! समुद्र म्हणजे आपल्याला गणपतीपुळ्याची सहल. म्हणूनच स्मरणिकेसाठी मी शेजारच्या सातारा जिल्ह्यात स्थायिक झालेल्या एका नौसेनानीवर लिहायचं ठरवलं. ते म्हणजे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी.

'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर धडे घेऊन १९४५ साली ते नौदलात आले. १९७१ च्या युद्धात 'कामोर्ता' ही पाणबुडीविरोधी युद्धनौका त्यांच्या हाताखाली होती. पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला समुद्रमार्गे रसद मिळू नये आणि पळायलाही वाट राहू नये, म्हणून आपल्या आरमाराने बंगालच्या उपसागरात नाकेबंदी केली. 'विक्रांत'वरची विमानं चितगाव, कॉक्स बझारवर हल्ले करत होती. पाण्यात सुरुंग आणि पाणबुडीची धास्ती, अशा ठिकाणी आवटींची नौका गस्त घालत होती. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. आवटींना वीरचक्र मिळालं.

पुढे ते पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख झाले आणि १९८३ साली निवृत्त होऊन फलटणजवळच्या विंचुर्णीला राहायला गेले. समुद्रापासून इतक्या लांब! पण मनातला समुद्र काही सुटला नाही. भारतीय माणसाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनी घेतला आणि नौदलाच्या गळी उतरवला. गोव्यात 'म्हादेई' बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरं घेऊन मे २०१० मध्ये परतले. अशी फेरी करणारे ते पहिले भारतीय. मग अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी 'तारिणी'तून प्रदक्षिणा पूर्ण केली. तेही आवटींनी पाहिलं. ४ नोव्हेंबर २०१८ रोजी ते गेले.

निवृत्तीपासून दोंदेंच्या प्रस्थानापर्यंत सव्वीस वर्षं! आज आपल्या सोसायटीचं वय आहे, जवळजवळ तेवढी. वीरचक्र मोठंच, पण मला ही सव्वीस वर्षं जास्त मोठी वाटतात. आपल्या कट्ट्यावरच्या पेन्शनर मंडळींनी, माझ्यासकट, हा हिशोब जरूर करून बघावा.