संगणकातील विद्युत् दाब-निरीक्षण
संगणकातील विद्युत् दाब-निरीक्षण : संगणकाच्या मदरबोर्डावरील निरनिराळे विद्युत् दाब सतत मोजून ते ठरलेल्या किमान व कमाल मर्यादांत आहेत की नाहीत, हे पाहण्याची व्यवस्था. प्रत्यक्ष मापन करणारी चिप आणि तिच्यातील संख्या वाचणारी ड्रायव्हर ही आज्ञावली असे तिचे दोन भाग असतात. या व्यवस्थेच्या इतिहासातील बहुतेक अडचणी मापनात नव्हे, तर मोजलेल्या संख्येचा अर्थ लावण्यात उद्‌भवल्या.

१९८१ मधील आयबीएम पीसीत वीजपुरवठा ठीक असल्याचा ‘पॉवर गुड’ हा एकच संकेत मिळे. दाब नेमका किती, हे संगणकाला कळत नसे. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स मानक प्रसृत केले. त्यातील +१२, +५ व +३.३ व्होल्ट या दाबांना ±५ टक्के इतकी सूट होती. म्हणजे १२ व्होल्टचा दाब ११.४० ते १२.६० व्होल्ट यांदरम्यान असावा लागे. १९९७ च्या पेंटियम एमएमएक्स प्रक्रियकाच्या गाभ्यास तर २.८ व्होल्ट असा निराळाच दाब लागे. दाबांची संख्या अशी वाढत गेली, तसे त्यांवर लक्ष ठेवणे गरजेचे झाले.

या कामासाठी नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची एलएम ७८ ही चिप प्रसिद्धीस आली. तिच्यात दाबाची सात आदाने असून सर्वांचे मापन सुमारे दीड सेकंदात एकदा होई. तिचा परिवर्तक आठ बिटांचा, म्हणजे २५६ पायऱ्यांचा, व एक पायरी १६ मिलिव्होल्टची होती. त्यामुळे ४.०९६ व्होल्टहून अधिक दाब तिला मोजता येत नसे. १२ व्होल्टचा दाब २८ व १० किलोओहम अशा दोन रोधकांनी विभागून चिपेस देत, चिपेला ३.१६ व्होल्ट दिसत आणि आज्ञावलीने त्यास ३.८ ने गुणावयाचे असे. घोटाळ्याचे मूळ या गुणकात आहे. रोधक निवडतो मदरबोर्डाचा निर्माता. चिपेला ते ठाऊक नसतात. ३० व १० किलोओहम धरून गुणक ४ मानला, तर निर्दोष पुरवठाही १२.६ व्होल्ट, म्हणजे थेट वरच्या मर्यादेवर, दिसू लागतो.

लिनक्स या कार्यप्रणालीसाठी फ्रोडो लोइयार्ड, फिलिप एडेलब्रॉक व इतरांनी १९९८ च्या सुमारास ‘एलएम-सेन्सर्स’ हा प्रकल्प हाती घेतला. निर्मात्यांनी रोधकांची मूल्ये सहसा प्रसिद्ध केली नाहीत. म्हणून ड्रायव्हरने चिपेच्या टोकावरील दाबच मिलिव्होल्टमध्ये सांगावा व गुणक वेगळ्या विन्यास-फाइलीत लिहावा, अशी विभागणी पुढे रूढ झाली. ती तत्त्वतः योग्य होती. सामान्य वापरणाऱ्यास मात्र तिने बुचकळ्यात पाडले. फाइलीतील गुणक एका मदरबोर्डाचा व यंत्र दुसरेच, अशी स्थिती वारंवार येई.

मर्यादा-मूल्यांच्या तक्रारी याहून चमत्कारिक होत्या. मर्यादाही त्याच पायऱ्यांत साठविल्या जातात. १२.६० ही मर्यादा घातली की ती २०७ व्या पायरीवर बसते व वाचताना १२.५९ दिसते, हा दोष नव्हे. −१२ व्होल्टच्या बाबतीत मापनात चिन्ह उलटलेले असते. तेथे किमान व कमाल यांची अदलाबदल करावी लागते. न केल्यास दाब बिनचूक असूनही इशारा कधीच विझत नाही. शिवाय बायॉसने मर्यादा लिहिल्याच नसतील, तर त्या जागी अर्थहीन आकडे आढळतात. अशा वेळी ड्रायव्हरला दोष देण्यात हशील नसते.

चुकीच्या ओळखीचे परिणाम केवळ आकड्यांपुरते राहिले नाहीत. प्रकल्पाच्या आरंभीच्या वर्षांत, चिपा शोधण्यासाठी धारावाहिनीवर पाठविलेल्या निरुपद्रवी चाचणी-संदेशांनी आयबीएमच्या काही थिंकपॅड संगणकांतील स्मृति-चिपेतील मजकूर बिघडला आणि ते संगणक सुरू होईनासे झाले. पुढे अशा यंत्रांवर शोध टाळण्याची तजवीज आज्ञावलीत करण्यात आली.

२००३ मध्ये आलेल्या लिनक्सच्या २.६ आवृत्तीत हे ड्रायव्हर मुख्य प्रणालीत सामावले गेले होते. नंतरच्या चिपांत पायरी १२ किंवा ८ मिलिव्होल्टची झाली. जुनाच १६ चा हिशेब ८ च्या चिपेस लावल्यास दाब दुप्पट दिसतो. काही मदरबोर्डांवर बायॉसची एसीपीआय आज्ञावलीही तीच रजिस्टरे वाचत असे. दोघांच्या गर्दीत भलतीच मूल्ये हाती येत, म्हणून २००९ च्या सुमारास अशा ठिकाणी ड्रायव्हरला मज्जाव करण्याची पद्धत पडली. संशय आल्यास बायॉसच्या पडद्यावरील आकड्याशी तुलना करतात. पण तोही त्याच चिपेतून आलेला असल्याने निर्णायक पुरावा म्हणून वीजपुरवठ्याच्या जोडणीवर बहुमापक लावून प्रत्यक्ष दाब मोजतात.