निवडक भागांचे बायबल

बायबलातील अध्यायांचे आकडे मोशेने घातलेले नाहीत, पौलानेही नाहीत. आज रूढ असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी पॅरिसला शिकविणाऱ्या स्टीफन लँग्टनची, असे मानतात. नव्या करारातील वचनांना आजचे क्रमांक दिले ते रोबेर एत्येन या फ्रेंच मुद्रकाने, १५५१ साली. सोय मोठी झाली, यात शंका नाही. वर्गात ती मीही रोज वापरतो. परंतु ज्याला आकडा चिकटला, ते उचलून निराळे काढणे सोपे जाते.

श्रोतेहो, १८०७ साली लंडनमध्ये एक पुस्तक छापले गेले. ब्रिटिश वेस्ट इंडिज बेटांतील कृष्णवर्णीय गुलामांच्या उपयोगाकरिता बायबलातून निवडलेले भाग, असे त्याचे नावच होते. प्रॉटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय आहेत (आम्हां कॅथलिकांच्या बायबलात याहून अधिक). त्यांपैकी या पुस्तकात आले २३२. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांचा व्यापार बंद केला होता; गुलामगिरी मात्र चालूच होती. हैतीमधील गुलामांनी बंड करून १८०४ साली स्वातंत्र्य मिळविले होते आणि सभोवतालच्या बेटांवरील मळेवाल्यांची झोप उडाली होती. त्यांच्या मळ्यांत कोणते पुस्तक शिरू शकेल, हे ओळखूनच निवड झाली असावी.

काय ठेवले आणि काय गाळले, हे पाहण्यासारखे आहे. योसेफाला त्याचे भाऊ विकतात आणि तो मिसर देशात निष्ठेने चाकरी करतो, ती कथा ठेवली. त्याच मिसर देशातून मोशेने गुलामांना बाहेर काढले, ती कथा गाळली. स्तोत्रे सगळीच गेली. ख्रिस्ताठायी दास आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे गलतीकरांच्या पत्रातील वचन गेले. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे इफिसकरांच्या पत्रातील वचन मात्र राहिले. वास्तविक दहा आज्ञांच्या आरंभी देव स्वतःची ओळख सांगतो ती गुलामगिरीतून सोडविणारा अशीच; मागची कथा ज्याने ऐकली नाही, त्याला ती ओळख कशी पटावी?

अमेरिकेतील मळ्यांवर पुष्कळदा कात्रीचीही गरज पडली नाही. प्रवचनकाराने एकच वचन पुनःपुन्हा वाचले, की काम भागत असे. होवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय धर्मचिंतकाची आजी फ्लॉरिडात गुलाम म्हणून जन्मली. (१९३६ साली बारडोलीस येऊन गांधीजींना भेटलेले ते हेच थर्मन.) आजीला अक्षरओळख नव्हती, नातू तिला बायबल वाचून दाखवी. पौलाची पत्रे मात्र ती वाचू देत नसे. अपवाद करिंथकरांच्या पहिल्या पत्रातील प्रीतीच्या अध्यायाचा, तोही क्वचित. धन्याचा गोरा पाद्री वर्षातून तीन-चार वेळा तरी दासांच्या आज्ञापालनाच्या त्या वचनावर प्रवचन देई. स्वातंत्र्य मिळाले तर तो भाग वाचावयाचा नाही, असे तिने तेव्हाच ठरविले होते. थर्मन यांनी ही हकीकत १९४९ साली आपल्या ग्रंथात लिहिली.

तिला दोष कोण देईल? पण त्या पाद्र्याने चार वचने पुढे वाचावयास हवे होते. तेथे पौल धन्यांकडे वळतो, धमक्या सोडा म्हणतो, आणि स्वर्गातील धनी तोंड पाहून न्याय करीत नाही, अशी जाणीव देतो. त्याने गुलामगिरी मोडा असे सांगितले, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे दुसऱ्या बाजूने कात्री चालविणे होय. तथापि तुरुंगातून फिलेमोनाला लिहिलेल्या पत्रात तो ओनेसिम या दासाविषयी विनंती करतो, की याला आता दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून घरात घे. त्याचे काही देणे असेल, तर ते माझ्या नावावर मांड. हे पत्र अवघे पंचवीस वचनांचे आहे. तेही पौलाचेच, म्हणून आजीच्या घरात ते वाचले गेले नाही.