सोळा आणे जमीन : इंदापूरच्या काळ्या मातीची दोन परीक्षणे

१/ कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्राची सुरुवात खोली, पोत, घडण, निचरा, चुनखडी आणि उतार या गुणधर्मांपासून होते. पुणे जिल्ह्यातील इंदापूर परगण्यात १८३६ च्या सुमारास जमिनीची पारख याच अंगांनी सुरू झाली होती. त्या वेळी मृदाशास्त्र हे स्वतंत्र शास्त्र म्हणून अस्तित्वात नव्हते. दोकुचायेव यांचा रशियातील काळ्या मातीवरचा ग्रंथ १८८३ चा. इंदापुरात खड्डे घेणारे लोक महसूल खात्याचे होते, आणि त्या खड्ड्यांवर कुणब्याचा ३० वर्षांचा सारा अवलंबून होता.

२/ त्याआधीचा प्रयोग फसला होता. १८२० च्या दशकात रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने रिकार्डोच्या खंड-सिद्धान्ताला अनुसरून आकारणी केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे. कागदावर हे निर्दोष होते. प्रत्यक्षात मोजणी सदोष, कारकुनांची लाचखोरी उघड, त्यात धान्याचे भाव कोसळलेले. इंदापुरात शेते पडीक राहिली, लोक गाव सोडू लागले.

३/ गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी अभियंता यांनी उत्पन्न मोजण्याचा नादच सोडून दिला. पीक पाऊस, बैल आणि भांडवल यांवर अवलंबून. ते दर वर्षी बदलते. माती मात्र जागची हलत नाही. म्हणून एका शेताची दुसऱ्या शेताशी तुलना तेवढी करायची, असे ठरले. ही पद्धत पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्की झाली. तिला मराठीत प्रतबंदी म्हणत.

४/ शेताच्या नकाशावर आडव्या-उभ्या रेघा मारून सारखे भाग पाडायचे, प्रत्येक भागात माती उकरून खोली पाहायची आणि ती हातांत नोंदवायची. बारीक पोताची काळी माती पावणेदोन हात, म्हणजे साधारण ८० सेंटिमीटर, खोल असेल तर ती पहिल्या प्रतीची, १६ आणे. दीड हाताला १४ आणे, सव्वा हाताला १२, एका हाताला १०. अशा एकूण ९ प्रती होत्या. शेवटची २ आण्यांची. भरड, बहुधा तांबूस माती तेवढ्याच खोलीला एक प्रत खाली जाई. मुरमाड, बरड जमिनीला तर सहाव्या प्रतीच्या वर चढताच येत नसे.

५/ याशिवाय ७ दोष होते, आणि प्रत्येकासाठी नकाशावर वेगळी खूण. चुनखडीचे खडे, वाळूची भेसळ, उतार, मातीच्या कणांची सुटी घडण, पाणी मुरू न देणारी मिसळ, वाहत्या पाण्याखाली धुऊन जाण्याची भीती आणि उपळट, म्हणजे जमिनीतून वर येणारा जास्तीचा ओलावा. एक दोष आढळला की जमीन एक प्रत खाली उतरे, दोन आढळले की दोन. या ७ पैकी शेवटच्या खुणेची गोष्ट पुढे येते.

६/ खोलीला एवढे वजन का? बेसॉल्ट झिजून झालेल्या या काळ्या मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर असते. ती पावसाळ्यात पाणी धरते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. रब्बीची ज्वारी जवळजवळ पावसाविना वाढते, ती याच साठवलेल्या ओलीवर. थर जितका जाड, तितकी ओल अधिक दिवस टिकते. हातांत मोजली गेली ती खोली. तिच्या आडून खरे मोजले गेले ते पाणी.

७/ ही मोजपट्टी फक्त प्रमाण सांगत असे. १६ आणे म्हणजे किती रुपये, हे पाऊसमान, बाजार आणि धान्याचे भाव पाहून सरकार ठरवी. १८६७ मध्ये इंदापूरची मुदत संपून फेरआकारणी झाली, ती अमेरिकी यादवीमुळे आलेल्या कापसाच्या तेजीनंतर भाव चढे असताना. माती तीच राहिली आणि सारा वाढला. मग भाव उतरले. १८७५ चे दख्खनचे दंगे सावकारांविरुद्ध होते; त्यांत या वाढीव साऱ्याचा वाटा किती, यावर तेव्हापासून वाद आहे. प्रतबंदीवर मात्र तो दोष टाकणे अन्यायाचे होईल.

८/ प्रतबंदीची खरी परीक्षा वेगळ्याच बाजूने झाली. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा पुरा झाला आणि १८८० च्या दशकात बारामती-इंदापूरकडे पाणी आले. त्यामागून ऊस आला. नदीकाठच्या खोल, सखल काळ्या जमिनीत पाणी साचू लागले आणि काही वर्षांतच पृष्ठभागावर पांढरा थर दिसू लागला.

९/ पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांनी या जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील खारपड जमिनींवर पत्रिका प्रसिद्ध केली. कालव्यातून आणि वरच्या शेतांतून झिरपलेले पाणी खाली साचते, भूजल वर चढते, केशाकर्षणाने क्षार पृष्ठभागाकडे खेचले जातात, पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. सोडियम चिकणमातीला चिकटले की तिची घडण मोडते, निचरा आणखी मंदावतो आणि जमीन चोपण होते. खालचा मुरूम जवळ असलेली उथळ जमीन त्या मानाने वाचते, कारण पाण्याला वाट मिळते.

१०/ म्हणजे कालव्याखाली क्रम उलटला. विंगेटच्या कारकुनांनी १६ आणे दिलेली खोल काळी जमीन आधी बिघडली आणि १० आण्यांची मध्यम जमीन उसाला बरी ठरली. प्रतबंदीने पाणी आभाळातूनच येणार हे गृहीत धरले होते, आणि १८३६ च्या इंदापुरात दुसरे काही गृहीत धरण्याचे कारणही नव्हते. उपळट ही तेव्हा एका प्रतीने जमीन उतरवणारी किरकोळ खूण होती. कालव्यानंतर तिच्यामुळे शेतच्या शेत हातचे गेले.

११/ उपाय निचऱ्याचे चर. ते खणायला खर्च येतो, आणि पाणी वरच्या शेतकऱ्याचे असले तरी चर खालच्यालाच खणावा लागतो. सातबाऱ्यावर ‘आकार’ या शब्दापुढे आजही काही रुपये-पैसे लिहिलेले असतात. जुन्या प्रतबंदीतून उतरत आलेला तो आकडा आहे.